अमेरिकेतल्या आमदाराची कारकीर्द कशी वाचावी

अमेरिकेत एखादं मराठी आडनाव निवडून आलं की नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा निरोप फिरतो. नाव, फोटो, मूळ गाव, ‘आपल्याला अभिमान आहे’. तो माणूस कुठल्या सभागृहात बसणार, किती वर्षांसाठी, आणि तिथे बसून त्याला नेमकं काय करता येणार, याबद्दल त्यात अक्षरही नसतं.

मी ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी काही मुलंमुली येतात, कुणी सिन्नरहून, कुणी ओझरहून. त्यांना मी एक काम हमखास देते: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या आमदाराची कारकीर्द एका पानात लिहून आणा. भाषणं बाजूला ठेवा, नोंदी बघा. दिल्लीचं राजकारण वाचणारी ही मुलं वॉशिंग्टनचंही वाचतात, पण अमेरिकेत शाळा, पोलीस, वीजदर, मतदानाचे नियम हे सगळं बहुतांशी राज्यांच्या राजधान्यांत ठरतं. पन्नास राज्यांत मिळून सुमारे ७,४०० आमदार आहेत. तुमचा भाचा किंवा मुलगी तिथे राहत असेल, तर तिच्या रोजच्या जगण्याशी याच लोकांचा संबंध जास्त.

उदाहरणादाखल मी तीन नावं घेते: मेरीलँडचे कुमार बर्वे, आयोवाच्या स्वाती दांडेकर आणि मिशिगनचे श्री ठाणेदार. तिन्ही आडनावं आपली आहेत याचा मला आनंद आहेच. पण तिघांच्या वाटा एकमेकांपासून इतक्या वेगळ्या आहेत की शिकायला दुसरं काही लागत नाही. सोबत चौथे बराक ओबामा, कारण राष्ट्राध्यक्ष होण्याआधी ते आठ वर्षं इलिनॉयचे राज्य सिनेटर होते आणि त्या आठ वर्षांची नोंद फार चोख उपलब्ध आहे.

आधी खुर्ची, मग माणूस

टिपणाच्या पहिल्या दोन ओळींत माणसाबद्दल काहीही लिहू नका. राज्य, सभागृह, सदस्यसंख्या, मुदत, मानधन, अधिवेशन किती दिवसांचं, एवढंच लिहा. हे न करता केलेलं टिपण मी परत देते.

एकोणपन्नास राज्यांत दोन सभागृहं आहेत. नेब्रास्कात १९३७ पासून एकच, त्यात ४९ सदस्य, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नावही नाही. दोन्ही सभागृहांतले सदस्य थेट लोकांतून निवडून येतात. आपल्या विधान परिषदेसारखे पदवीधर, शिक्षक किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ तिथे नाहीत. वरच्या सभागृहाचा सदस्य सिनेटर म्हणवला जातो, म्हणून तो वॉशिंग्टनचा सिनेटर समजू नका. वॉशिंग्टनला प्रत्येक राज्यातून दोनच सिनेटर जातात.

आता खुर्चीखुर्चीतला फरक बघा. न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराहून जराशी कमीच. तिथल्या खालच्या सभागृहात ४०० सदस्य आहेत! दोन वर्षांच्या मुदतीचं मानधन २०० डॉलर. कॅलिफोर्नियाच्या खालच्या सभागृहात फक्त ८० सदस्य, प्रत्येकाच्या वाट्याला पाच लाखांच्या आसपास लोक, आणि पगार वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त. टेक्सासमध्ये नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस, मानधन वर्षाला ७,२०० डॉलर आणि अधिवेशनकाळात दैनिक भत्ता. या तिघांनाही आपली वर्तमानपत्रं ‘आमदार’ असा एकच शब्द लावतात.

मानधन बघितल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: पोट कशावर चालतं? बहुतेक राज्यांत आमदारकी अर्धवेळ आहे. वकील, शेतकरी, विमा एजंट, निवृत्त शिक्षक, लहानमोठे उद्योजक असे लोक वर्षातले काही महिने राजधानीत येतात आणि परत आपल्या कामावर जातात. म्हणून व्यवसाय ही नोंद शोभेची नाही, ती ठळक लिहा. ज्या राज्यात आमदारकीवर घर चालत नाही, तिथे ज्याला रजा मिळू शकते किंवा ज्याच्या गाठीशी पैसा आहे तोच उभा राहू शकतो. नोकरदार तरुण बाई तिथे आमदार झाली असेल तर ते मला कुठल्याही भाषणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मेरीलँड नाशिककरांना पटकन कळतं. तिथे ४७ मतदारसंघ, प्रत्येकातून एक सिनेटर आणि खालच्या सभागृहात तीन प्रतिनिधी, असे एकूण १४१. काही मतदारसंघांचे आतून तुकडेही केलेले आहेत. आपण महापालिकेला चार सदस्यांच्या प्रभागात मतदान केलेलं आहे. पॅनल कसं बांधतात, पॅनलमधला तगडा उमेदवार दुबळ्याला कसा ओढून नेतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे मात्र प्रभागातल्या प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. तिथे तिघे एकाच यादीतून निवडले जातात. बर्वे अशाच मतदारसंघातून, वॉशिंग्टनजवळच्या माँटगोमेरी काउंटीतून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), १९९० साली निवडून आले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळावर निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे आमदार.

तो राहतो कुठे

यशवंतराव चव्हाण कराडचे. १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. छगन भुजबळ माझगावचे आमदार होते, २००४ पासून येवल्यातून निवडून येतात. आपला कायदा राज्यातल्या कुठल्याही मतदाराला राज्यातल्या कुठल्याही जागेवरून विधानसभेला उभं राहू देतो. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळासाठी साधारणपणे त्याच मतदारसंघात राहावं लागतं, आणि किती काळ आधीपासून, ते त्या त्या राज्याचा कायदा सांगतो. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) मात्र राज्यात राहणं पुरतं.

त्यामुळे पत्ता बदलला की थांबून बघा. ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यासारख्या पदासाठी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) उतरले आणि तिसरे आले. पण डेट्रॉइट शहरात त्यांना भरघोस मतं मिळाली होती. पुढे ते ॲन आर्बरहून डेट्रॉइटला राहायला गेले आणि २०२० मध्ये तिथूनच मिशिगनच्या ११० सदस्यांच्या खालच्या सभागृहावर निवडून आले. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहावर. पराभवाचे आकडे भागवार उघडून पाहिले तर पुढची चाल त्यात आधीच दिसते. म्हणून टिपणात हरलेली निवडणूक वगळायची नाही, हा माझा दुसरा नियम.

खरी लढत ऑगस्टात किंवा त्याआधीच

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीच्या निकालावर फार वेळ घालवू नका. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे ठरलेले असतात, काही लोकवस्तीमुळे, काही नकाशा कोणी आखला त्यामुळे. अशा ठिकाणी निकाल लागतो पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत. आपल्याकडे तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं. तिथे तिकीट मतदार देतात, सरकारी यंत्रणेने घेतलेल्या मतदानातून. पक्षाध्यक्षाची मर्जी गेली म्हणून नाव कापलं, असं सहसा होत नाही. उलट पक्षातला कुणीही नवखा उठून पंचवीस वर्षांच्या बुजुर्गाला आव्हान देऊ शकतो. निकी हेली यांनी २००४ मध्ये दक्षिण कॅरोलायनात तेच केलं: त्या सभागृहातल्या सर्वांत जुन्या सदस्याला पक्षांतर्गत मतदानात हरवलं, सहा वर्षं आमदार राहिल्या आणि मग थेट गव्हर्नर झाल्या.

प्राथमिक निवडणुकीच्याही आधीची एक पायरी लोक विसरतात. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. इलिनॉयमध्ये १९९६ साली राज्य सिनेटच्या उमेदवाराला साडेसातशेच्या आसपास मतदारांच्या सह्या लागत होत्या. ओबामांच्या गटाने प्रतिस्पर्ध्यांच्या सह्या एकेक करून तपासल्या आणि आक्षेप घेतले. विद्यमान सिनेटर ॲलिस पामर यांच्यासह सगळे विरोधक बाहेर पडले आणि ओबामांना प्राथमिक निवडणुकीत प्रतिस्पर्धीच उरला नाही. कायद्याने ते चोख होतं. चारच वर्षांनी, २००० मध्ये, त्यांनी बॉबी रश या मुरलेल्या खासदाराला आव्हान दिलं आणि साधारण दुपटीच्या फरकाने हरले. या दोन नोंदी शेजारीशेजारी लिहिल्या की माणूस कसा राजकारण शिकत गेला ते कळतं.

राजधानीत येण्याआधी

स्वाती दांडेकर यांची वाट मला सगळ्यांत जास्त भावते आणि मुलींना मी तीच आधी काढायला सांगते. जन्म आणि पदवीचं शिक्षण नागपूरचं. लग्नानंतर अमेरिका, मुलं शाळेत, आणि मुलांच्या शाळेतून सार्वजनिक कामात प्रवेश. १९९६ मध्ये त्या आयोवातल्या मॅरियन गावाजवळच्या शालेय मंडळावर निवडून आल्या. तिथलं शालेय मंडळ म्हणजे नावापुरती समिती नव्हे. लोकांनी निवडलेले सदस्य शाळांचं अंदाजपत्रक मंजूर करतात, अधीक्षक नेमतात, आणि त्यासाठी लागणारा मालमत्ता कर शेजाऱ्यापाजाऱ्यांवर बसवतात. रात्रीच्या सभेत कर वाढवायला हात वर करायचा आणि सकाळी त्याच लोकांना दुकानात भेटायचं. आमदारकीची याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही.

२००२ मध्ये त्या विधिमंडळासाठी उभ्या राहिल्या तेव्हा विरोधी उमेदवाराच्या एका ईमेलची चर्चा झाली. भारतात वाढलेली बाई आयोवाचे कायदे करायला कशी लायक ठरते, असा त्याचा सूर होता. दांडेकर निवडून आल्या. सहा वर्षं खालच्या सभागृहात, मग २००९ पासून पन्नास सदस्यांच्या सिनेटमध्ये.

तेव्हा टिपणात ‘पूर्वीची पदं’ हा भाग सविस्तर हवा: शालेय मंडळ, नगरपरिषद, काउंटीचं मंडळ, एखाद्या आमदाराच्या कार्यालयातली नोकरी. काही जण यातलं काहीच न करता थेट येतात, तेही लिहा.

समिती बघा, मंत्रिपद शोधू नका

आपल्या मुलांची ही सवय मोडायला सर्वांत वेळ लागतो. आमदार मोठा झाला की मंत्री होतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. अमेरिकेत गव्हर्नर वेगळा निवडला जातो, तो विधिमंडळाचा सदस्य नसतो, आणि आमदारकी सांभाळून त्याच्या मंत्रिमंडळात बसता येत नाही. म्हणून तिथली बढती विधिमंडळाच्या आत होते: समितीचा सदस्य, उपाध्यक्ष, अध्यक्ष, बहुमतवाल्या पक्षाचा सभागृहनेता, सभापती.

बर्वे बारा-तेरा वर्षं मेरीलँडच्या खालच्या सभागृहाचे बहुमत नेते होते आणि २०१५ मध्ये पर्यावरण व वाहतूक समितीचे अध्यक्ष झाले. वरवर बघणाऱ्याला ही पदावनती वाटेल. अध्यक्षाच्या हातात काय असतं ते बघा. मेरीलँडमध्ये आलेल्या विधेयकावर समितीसमोर सुनावणी होते, पण सुनावणीनंतर मतदान होईलच असं नाही. अध्यक्षाने ते पुढे घेतलं नाही तर ९० दिवसांचं अधिवेशन संपतं आणि विधेयकही संपतं. हवामान, पाणी, रस्ते, गाड्यांचे नियम, सगळं त्या एका दालनातून जाणार. कोणत्या समितीत कोण, हे सभापती ठरवतात, त्यामुळे समितीबदलाची तारीख दिसली की त्या सुमारास सभापती कोण होते तेही शेजारी लिहा.

विधेयकं मोजताना मात्र जपून. आपल्याकडे जवळजवळ सगळे कायदे सरकारी विधेयकांतून होतात आणि आमदाराचं खासगी विधेयक क्वचितच पुढे सरकतं. तिथे विधेयकं सहसा कुठल्या ना कुठल्या सदस्याच्या नावाने येतात, म्हणून मुलं लगेच ‘इतकी मांडली, इतकी मंजूर’ असा हिशेब करतात. तो हिशेब बहुमत कोणाकडे होतं हे न लिहिता केला तर माणसावर अन्याय होतो. ओबामांची पहिली सहा वर्षं त्यांचा पक्ष इलिनॉयच्या सिनेटमध्ये अल्पमतात होता. २००३ मध्ये बहुमत आलं आणि त्याच माणसाच्या नावावर भराभर कायदे लागले. खुनाच्या तपासातली पोलीस चौकशी ध्वनिमुद्रित किंवा चित्रित करायला लावणारा कायदा त्यातलाच. ठाणेदार मिशिगनच्या सभागृहात होते ती दोन्ही वर्षं त्यांचा पक्ष अल्पमतात होता. त्यांचं विधेयकांचं पान बघताना हे आधी लक्षात घ्या.

मत कुणाला दिलं

इथे अमेरिकेची नोंद आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप निघाला की आमदाराच्या स्वतःच्या मताला अर्थ उरत नाही, आणि विधानसभेत बरंचसं काम आवाजी मतदानाने उरकतं. तिथे तसा कायदा नाही. बहुतेक राज्यांत विधेयकावर शेवटचं मतदान नावनिशीवार होतं आणि प्रत्येक आमदाराचं ‘हो’ किंवा ‘नाही’ कायमचं संकेतस्थळावर राहतं. माझ्या आमदाराने अमुक कायद्यावर काय केलं, हे मॅरियनच्या मतदाराला घरबसल्या कळतं. नाशिकच्या मतदाराला ते कळत नाही, आणि ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सगळी मतं वाचायची नाहीत. शेकड्यांनी मतदानं एकमताने होतात. शोधा ती, जिथे हा आमदार आपल्याच पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांविरुद्ध गेला. अशी पाच-सहा सापडली की बस. त्यांतून मतदारसंघ, व्यवसाय किंवा स्वतःची श्रद्धा यातलं काहीतरी डोकावतं. आणि राज्याचे नियम बघा. इलिनॉयमध्ये ‘हो’, ‘नाही’ याशिवाय नुसतं ‘उपस्थित’ असंही मत देता येतं. ओबामांनी ते शंभराहून जास्त वेळा दिलं आणि २००८ च्या प्रचारात ते पळपुटेपणा म्हणून वापरलं गेलं. पण तिथे विधेयक मंजूर व्हायला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, त्यामुळे ‘उपस्थित’ हे परिणामात ‘नाही’सारखंच असतं, आणि कित्येकदा पक्षाची ती ठरवून केलेली खेळी असते.

पैसा

सातबारा हातात आला की आपण क्षेत्रफळाच्या आधी ‘इतर हक्का’तल्या नोंदी बघतो, बोजा कुणाचा आहे ते. आमदाराच्या देणग्यांची यादी तशी वाचायची. राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर देणगीदाराचं नाव, रक्कम, तारीख मिळते. समितीचा विषय आणि देणगीदारांचा धंदा जुळतो का, एवढंच तपासा.

स्वतःचा पैसा वेगळा लिहा. ठाणेदारांनी २०१८ मध्ये सुमारे एक कोटी डॉलर स्वतःचे घातले आणि हरले. २०१६ मध्ये बर्वे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी प्राथमिक निवडणुकीत उभे होते; तिथे डेव्हिड ट्रोन या व्यावसायिकाने एक कोटी वीस लाख डॉलरहून जास्त स्वतःचे ओतले, तरी जिंकले राज्य सिनेटर जेमी रास्किन. पैशाने नाव घरोघर पोहोचतं. मतं मिळतीलच असं नाही, हे या दोन निकालांवरून मुलांना मी दाखवते.

मुदत संपते तेव्हा

काही राज्यांत आमदारकीला कमाल मर्यादा आहे. मिशिगनने १९९२ मध्ये ती घातली: खालच्या सभागृहात सहा वर्षं, सिनेटमध्ये आठ. २०२२ मध्ये बदलून दोन्ही मिळून बारा केली. कॅलिफोर्नियातही एकूण बारा. अशा राज्यात एखादा आमदार पाचव्या वर्षी अचानक सिनेटची तयारी करू लागला तर त्यात महत्त्वाकांक्षेइतकीच घड्याळाची सक्ती आहे. मेरीलँड आणि आयोवात अशी मर्यादा नाही, म्हणून बर्वे तीन दशकांहून अधिक काळ एकाच सभागृहात राहू शकले.

शेवटची नोंद नेमणुकांची. दांडेकर यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सिनेट सोडलं, कारण रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना वीज-पाणी सेवांवर देखरेख करणाऱ्या राज्य मंडळावर नेमलं. तेव्हा सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६, रिपब्लिकन २४. म्हणजे डेमोक्रॅट दांडेकरांच्या एका खुर्चीवर सगळं बहुमत टेकलेलं. पोटनिवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाने राखली, पण काही आठवडे सगळ्या राज्याचं लक्ष एका मतदारसंघावर होतं. २०१४ ची वॉशिंग्टनसाठीची प्राथमिक निवडणूक दांडेकर हरल्या, आणि पुढे ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून नेमलं, राजदूताच्या दर्जाने. बर्वेही २०२३ मध्ये मेरीलँडच्या अशाच सेवा नियमन आयोगावर गेले. निवडणुकीचा निकाल तेवढा बघणाऱ्याला या दोन्ही कारकिर्दी अर्ध्यावर थांबल्यासारख्या दिसतील.

आता कामाला बसायचं असेल तर: सुरुवात बॅलटपीडियावरून करा, तिथे निवडणुकांचे आकडे एकत्र मिळतात. मग राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जा. आयोवाच्या संकेतस्थळावर जुन्या आमदारांचीही स्वतंत्र पानं आहेत, आणि मेरीलँडच्या राज्य अभिलेखागाराची ‘मेरीलँड मॅन्युअल’ समित्यांच्या नोंदी वर्षांसह देते. कामकाज प्रत्यक्ष बघायचं तर जानेवारीत बसा. मेरीलँडच्या राजधानीत, ॲनापोलिसला, सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. दुपारी एकची समिती सुनावणी साडेअकराला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग तीच सुनावणी साडेदहाला दिसते. आयोवासाठी या वेळांत एक तास मिळवा.